दोघांचीही अश्वशक्ती ३१००, मग डब्ल्यूडीजी-३ए वेगळं कशात?

मुलुंडकर

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकात मालगाडीच्या डिझेल इंजिनांवर चार पानांचा लेख जातोय आणि मजकूर तपासायचं काम माझ्याकडे आहे. लेखात एक वाक्य आहे: "१९९५ मध्ये वाराणसीच्या कारखान्याने डब्ल्यूडीएम मालिकेपेक्षा ताकदवान असं डब्ल्यूडीजी-३ए बनवलं." खालच्या तक्त्यात मात्र डब्ल्यूडीएम-३ए ३१०० अश्वशक्ती आणि डब्ल्यूडीजी-३ए सुद्धा ३१०० अश्वशक्ती. आतलं इंजिनही एकच, अमेरिकेच्या अल्को कंपनीचं सोळा सिलिंडरचं. मग हे ताकदवान कोणत्या अर्थाने? वाक्य काढू की तक्ता?

आणखी शंका आहेत. काही जुन्या फोटोंखाली याच इंजिनाला डब्ल्यूडीजी-२ म्हटलंय. ते वेगळं की हेच? कोकण रेल्वेवर ही इंजिनं जोडीनेच का दिसायची? धुराबद्दल लेखकाने "जुनाट तंत्रज्ञानामुळे काळा धूर" एवढ्यावर उरकलंय, ते मला पटत नाही. शिवाय दिवा स्टेशनात बाजूने काढलेला एक फोटो छापायचाय, त्यात नंबर वाचता येत नाही. ते 'एम' आहे की 'जी', हे कशावरून ओळखायचं?

बोगीवाला

तक्ता ठेवा, वाक्य बदला. लेख अश्वशक्तीच्या चष्म्यातून लिहिलाय, म्हणून तिढा पडलाय. मालगाडीच्या इंजिनाचा इतिहास हा मुख्यतः चाक न घसरू देण्याचा इतिहास आहे. अश्वशक्ती त्यात दुसऱ्या नंबरावर येते.

आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा. डब्ल्यूडीएम-२ आणि ३ए चं वजन ११२.८ टन, म्हणजे प्रत्येक ॲक्सलवर (चाकांच्या जोडीच्या दांड्यावर) १८.८ टन. गाडी जागेवरून हलवताना मिळणारा जास्तीत जास्त जोर सुमारे ३०.४ टन, म्हणजे वजनाच्या २७ टक्के. डब्ल्यूडीजी-३ए चं वजन १२३ टन, ॲक्सलवर २०.५ टन, सुरुवातीचा जोर ३७.९ टन. हे वजनाच्या जवळजवळ ३१ टक्के होतात. इंजिन तेच असून जोर पावपट वाढला, आणि तो तीन ठिकाणांहून आला.

पहिलं, वजन. मालगाडीच्या इंजिनात जडपणा हा गुण आहे. दहा टन वाढवले तर तेवढी पकड फुकट मिळते.

दुसरं, गिअर. डब्ल्यूडीएम मध्ये ६५:१८, डब्ल्यूडीजी-३ए मध्ये ७४:१८. मोटरला तेवढाच करंट दिला तरी चाकावर साधारण १४ टक्के जास्त जोर मिळतो. त्याची किंमत वेगात मोजावी लागते. डब्ल्यूडीएम-३ए १२० पर्यंत जातं, हे १०० ला थांबतं. मालगाडीला त्याचं दुःख नाही.

तिसरी आणि माझ्या मते खरी गोष्ट म्हणजे बोगी, म्हणजे डबा नव्हे, इंजिनाखालची तीन ॲक्सलची चौकट. डब्ल्यूडीएम खाली अल्कोची ओतीव ट्रायमाउंट बोगी आहे. तिच्यात साधारण ६० टक्के भार मधल्या पिव्हटवर (खुंटावर) आणि उरलेला दोन बाजूंच्या आधारांवर विभागलेला. ॲक्सलमधली अंतरं असमान, आणि तीनपैकी एक मोटर बाकी दोघींच्या उलट तोंडाने बसवलेली. आता इंजिन ओढायला लागलं की काय होतं ते बघा. चाकांचा जोर रुळाच्या पातळीवर लागतो, पण गाडीचा ताण कपलरवर (गाडी जोडायच्या जागी), रुळापासून मीटरभर वर. त्यामुळे इंजिन पुढून उचललं जाऊ पाहतं आणि पुढच्या ॲक्सलवरचं वजन कमी होतं. त्यात प्रत्येक मोटरचं एक टोक ॲक्सलवर आणि दुसरं बोगीच्या चौकटीवर टेकलेलं असतं. मोटर ज्या बाजूला बसलीय त्यानुसार तिची प्रतिक्रिया चौकटीला वर ढकलते किंवा खाली दाबते. मोटरी उलटसुलट असल्या की एखाद्या ॲक्सलवरून दोन्ही कारणांनी वजन निघून जातं. तो ॲक्सल सगळ्यात आधी घसरतो आणि बाकी पाच चांगले असूनही जोर कमी करावा लागतो.

डब्ल्यूडीजी-३ए ला वेल्डिंगने जोडून बनवलेली हाय ॲढीजन (जास्त पकडीची) बोगी दिली. तिच्यात तिन्ही मोटरींची तोंडं एकाच दिशेला. भार रबरी साइड बेअररवर (बाजूच्या आधारांवर), आणि मधला पिव्हट फक्त ओढण्याचा आणि ब्रेकचा जोर घेतो, वजन घेत नाही. सहाही ॲक्सलवरचं वजन बऱ्यापैकी सारखं राहतं, म्हणून ३१ टक्के झेपतात.

फोटोचं उत्तरही यातच आहे. नंबर विसरा, खाली बघा. ट्रायमाउंटमध्ये ॲक्सलबॉक्सना (ॲक्सलच्या टोकांच्या पेट्यांना) जोडणारी लांब इक्वलायझर पट्टी दिसते आणि मधलं चाक डोळ्यांना सरळ एका बाजूला सरकलेलं दिसतं. डब्ल्यूडीजी-३ए च्या बोगीत ही पट्टी नाही. प्रत्येक ॲक्सलबॉक्सवर स्प्रिंगा आहेत आणि उभे डँपर दिसतात. सावलीतला फोटो असेल तर उजेड वाढवून बघा.

नावांचा_हिशेब

डब्ल्यूडीजी-२ आणि डब्ल्यूडीजी-३ए एकच. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, डी डिझेल, जी माल, आणि एम म्हणजे मिश्र, प्रवासी नि माल दोन्ही. पहिलं १४५०१ नंबरचं, १९९५ चं, नाव 'प्रबल'. तेव्हा आकडा फक्त क्रमाने दिला जायचा. पुढे रेल्वेने ठरवलं की आकडा हजार अश्वशक्ती दाखवेल आणि अक्षर त्यावरचे शंभर, म्हणून ३ए म्हणजे ३१००. त्याच फेऱ्यात डब्ल्यूडीएम-२सी चं डब्ल्यूडीएम-३ए झालं.

पण लेखात "हा नियम सगळ्यांना लागू" असं काही लिहू देऊ नका. २६०० अश्वशक्तीचं डब्ल्यूडीएम-२ शेवटपर्यंत '२' च राहिलं. डब्ल्यूडीएम-३डी ३३०० चं आहे, आणि अक्षर मोजलं तर ३४०० व्हायला हवं. डब्ल्यूडीजी-४डी मधला 'डी' तर शंभरांचा नाहीच, तो दोन्ही टोकांना केबिन असल्याचा आहे. म्हणजे नियम काटेकोर पाळला गेलाच नाही.

आणि १९९५ मध्ये "डब्ल्यूडीजी-३ए बनवलं" हे वाक्य या कारणानेही चुकतं. तेव्हा ते नाव अस्तित्वातच नव्हतं.

मुलुंडकर

बोगीवाला, ती लांब पट्टी दिसत नाही, स्प्रिंगा स्पष्ट दिसतात. म्हणजे जी. आभार.

एक राहिलं. इंजिन तेच म्हणताय, पण डब्ल्यूडीएम-२ मध्ये ते २६०० देतं आणि इथे ३१००. तेच सोळा सिलिंडर असताना ५०० कुठून आले?

लोडबॉक्स

सिलिंडर तेवढेच, तेवढ्याच मापाचे. बोअर ९ इंच, स्ट्रोक साडेदहा इंच. अल्कोचं २५१. १९६२ मध्ये ही इंजिनं अमेरिकेतून तयार आली, १९६४ पासून वाराणसीला बनायला लागली. खुद्द अल्कोने १९६९ मध्ये दुकान बंद केलं, त्यामुळे आपल्या इंजिनांची पुढची बहुतेक सुधारणा आपल्याकडेच, आरडीएसओ (रेल्वेची संशोधन संस्था) आणि डीएलडब्ल्यू (वाराणसीचा कारखाना) यांनी केली. मूळ कंपनी बंद पडल्यावरही एक आराखडा चार दशकांहून जास्त काळ चालवला, वाढवला. तुमच्या लेखात "जुनाट" शब्द वापरताना हे लक्षात असू द्या.

वाढलेली ताकद हवेतून आली. जास्त हवा कोंबली की जास्त डिझेल जाळता येतं. त्यासाठी जास्त दाब देणारा टर्बो (हवा आत दाबणारा पंखा), मोठा आफ्टरकूलर म्हणजे दाबलेली हवा थंड करून तिची घनता वाढवणारा, १५ ऐवजी १७ मिमी प्लंजरचा इंधन पंप, बदललेला कॅम. पंप मोठा केल्याने तेवढंच डिझेल कमी वेळात आत जातं आणि पूर्ण जळतं, म्हणून ताकदीबरोबर खपही सुधारला. वाढलेला दाब आणि उष्णता सोसायला पोलादी डोक्याचे पिस्टन आले.

दुसरा बदल विजेच्या बाजूला. डब्ल्यूडीएम-२ मध्ये डीसी जनरेटर आहे, कम्युटेटर आणि ब्रशवाला. ताकद वाढवत नेली की कम्युटेटरवर ठिणग्या उडतात, फ्लॅशओव्हर होतो, शिवाय मशीन जड. ३१०० वाल्यात जनरेटर काढून एसी वीज बनवणारा अल्टरनेटर आणि तिची डीसी करणारा रेक्टिफायर बसवला. मोटरी मात्र डीसीच राहिल्या.

आता धूर. तो पूर्णपणे टर्बोचा विषय आहे. अल्कोचा टर्बो फक्त धुराच्या झोतावर फिरतो. ड्रायव्हरने नॉच (ताकदीचा टप्पा, एक ते आठ) वाढवला की गव्हर्नर (इंजिनाचा वेग सांभाळणारं यंत्र) डिझेल लगेच वाढवतो, पण टर्बोला वेग घ्यायला काही सेकंद लागतात. तेवढा वेळ डिझेल जास्त, हवा कमी. अर्धवट जळालेलं डिझेल काजळी होऊन बाहेर पडतं. म्हणून सुटताना आणि नॉच घाईने चढवल्यावर काळा लोट, आणि टर्बो पोचल्यावर धूर विरळ. हे निरोगी इंजिनाचं वागणं आहे. आठव्या नॉचवर दोन-तीन मिनिटं झाली तरी काळाच येत असेल तर बिघाड शोधायचा.

शोधायचा क्रम असा. आधी हवेचे फिल्टर, कारण तेच सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त वेळा दोषी असतात. मग आफ्टरकूलर तुंबलाय का, हवेच्या मार्गाला गळती आहे का. त्यानंतर इंजेक्टरचे नोझल. टोकाशी डिझेल फवाऱ्याऐवजी थेंबाने पडायला लागलं की तो सिलिंडर काळा धूर ओकतो. शेवटी टर्बो. हे सगळं लोडबॉक्सवर तपासतात. अल्टरनेटरची वीज मोटरींना न देता पाण्याच्या टाकीतल्या प्लेटांत घालवायची, इंजिन जागेवर उभं ठेवून आठव्या नॉचला पूर्ण भार द्यायचा आणि बूस्टर प्रेशर, म्हणजे टर्बोने दाबलेल्या हवेचा दाब, वाचायचं. दाब कमी आला तर टर्बो किंवा गळती. दाब बरोबर येऊनही धूर काळा असेल तर इंधनाची बाजू.

रंगही बघायचा. निळसर धूर म्हणजे वंगण तेल जळतंय. टर्बोचा ऑइल सील गेलाय किंवा पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. पांढरा, आणि इंजिन गरम झाल्यावरही पांढराच राहिला तर पाणी आत येतंय, बहुधा सिलिंडर हेडला तडा. यार्डात तासन् तास आयडलवर उभं राहिलेलं इंजिन एकदम लोडवर घेतलं तर निळा-पांढरा धूर आणि कधी चिमणीतून ठिणग्या दिसतात. आयडलला न जळालेलं तेल एक्झॉस्टमध्ये साचतं, ते गरम होऊन पेटतं. त्यावर उपाय म्हणजे नॉच टप्प्याटप्प्याने वाढवणं.

नॉच_आठ

लोडबॉक्सशी सहमत, भर एवढीच. पुढच्या पिढीच्या डब्ल्यूडीजी-४ ला हा सुटतानाचा काळा लोट नाही, आणि त्याचं कारण "नवीन तंत्रज्ञान" असं मोघम लिहू नये. त्याचं ७१० इंजिन दोन-स्ट्रोक आहे. दोन-स्ट्रोकला सिलिंडर झाडायला सुरू होण्याच्या क्षणापासून दाबाची हवा लागते, धुराच्या झोताची वाट बघून चालत नाही. म्हणून ईएमडीने (ते बनवणाऱ्या जनरल मोटर्सच्या शाखेने) टर्बोला क्रँकशाफ्टवरून गिअर दिला. खालच्या नॉचला टर्बो गिअरने फिरतो. वर गेल्यावर धुराचा जोर पुरला की ओव्हररनिंग क्लच सुटतो आणि टर्बो मोकळा फिरतो. हा क्लच घसरायला लागला की डब्ल्यूडीजी-४ सुद्धा खालच्या नॉचला अल्कोसारखाच काळवंडतो.

घाटमाथा

जोडीच्या प्रश्नाला हिशेबानेच उत्तर देतो, म्हणजे लेखात घालता येईल.

भरलेली बीओएक्सएन (वरून उघडी) वाघीण ८१.२८ टन. ५८ वाघिणींचा रेक ४७१४ टन, ब्रेकव्हॅन सोडून. कोकण रेल्वेचा रूलिंग (सगळ्यात अवघड) चढ १:१५०, म्हणजे १५० मीटरला एक मीटर. म्हणजे फक्त चढासाठी ४७१४ भागिले १५०, ३१.४ टन जोर. चालत्या गाडीचा घर्षणाचा विरोध टनामागे २ किलो धरला तर ९.४ टन. इंजिनाचं स्वतःचं वजन चढवायला पाऊण टनाहून थोडं जास्त. बेरीज ४१.६ टन. एका डब्ल्यूडीजी-३ए ची मर्यादा ३७.९. संपला विषय. आणि हे चालत्या गाडीचं आहे. चढावर सिग्नलला उभी राहिलेली गाडी हलवायला याहून जास्त लागतं.

दोन लावली तर ७५.८ टन मिळतात, लागतात ४२.४. आता पावसाळा घ्या. रूळ ओले असताना पकड वजनाच्या २० टक्क्यांवर आली तर डब्ल्यूडीजी-३ए च्या जोडीला ४९ टन मिळतात, डब्ल्यूडीएम-३ए च्या जोडीला ४५. चढावर थांबलेली गाडी हलवायला ४२.४ हून जास्त लागतं, तिथे हे चार टन म्हणजे गाडी चढणं आणि अडकणं यातला फरक ठरू शकतो. मुसळधार पावसापेक्षा पहिली रिमझिम जास्त वाईट, कारण रुळावरची धूळ आणि तेल वाहून न जाता त्यांचा लेप होतो. जोराच्या सरीनंतर पकड उलट थोडी सुधारते.

जोडीतल्या एकाने मध्येच दगा दिला तर वरच्याच हिशेबाने दुसरं एकटं चढावर गाडी उचलू शकत नाही. एकेरी मार्गावर ही गाडी अडकली की दोन्ही बाजूंची वाहतूक बंद. म्हणून निघण्यापूर्वी दोन्ही इंजिनं जोडणारी जंपर केबल आणि दोन्ही इंजिनांचं लोड घेणं तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. मागचं इंजिन चालू आहे पण लोडच घेत नाही, हे पुढच्या केबिनमध्ये सपाटीवर पटकन कळत नाही.

हाच रेक कर्जतहून बोर घाटाने वर न्यायचा म्हटलं तर चढ १:३७. फक्त चढाचेच १२७ टन, घर्षण धरून १३७. डब्ल्यूडीजी-३ए चार लावली तर १५१.६ टन, आणि चौघांचं स्वतःचं वजन चढवायलाच १३.३. कागदावरही जेमतेम. शिवाय चारही पुढे लावली तर सगळा ताण पहिल्या वाघिणीच्या कपलरवर येणार. म्हणून घाटात मागून ढकलणारे बँकर असतात, आणि बोर घाट नि थळ घाट १९३० च्या सुमारापासूनच विजेच्या इंजिनांचे. दिवाळी अंकात कोणी "घाटाचा राजा डब्ल्यूडीजी-३ए" असा मथळा दिला असेल तर काढून टाका.

मुलुंडकर

मथळा तोच होता. काढला.

घाटमाथा, मग डब्ल्यूडीजी-४ एकटं पुरलं असतं का? त्याचा जोर तर खूप जास्त सांगतात.

घाटमाथा

जोर पुरतो, वेग पुरत नाही. लेखात हा मुद्दा आला तर बाकी सगळं आपोआप उलगडेल.

डब्ल्यूडीजी-४ चं वजन १२६ टन, सुरुवातीचा जोर ५३ टनांच्या आसपास, म्हणजे वजनाच्या ४२ टक्के. वरचे ४१.६ टन ते एकटं सहज देतं. पण जोर गुणिले वेग म्हणजे शक्ती. ४००० अश्वशक्तीपैकी ३५०० चाकापर्यंत पोचली असं धरू. ४१.६ टन ओढताना वेग येतो ताशी २३ किलोमीटर. डब्ल्यूडीजी-३ए च्या जोडीत दोघांची मिळून ५३०० धरली तर ३४ किलोमीटर. एकेरी मार्गावर मालगाडी सेक्शनमध्ये जितका वेळ जास्त, तितकी मागची आणि समोरची गाडी खोळंबणार. म्हणून डब्ल्यूडीजी-४ सुद्धा तिथे जोडीने लावायला लागायचं. ढोबळ नियम: गाडी हलेल का, हे पकड ठरवते; किती वेगाने चढेल, हे अश्वशक्ती. डब्ल्यूडीजी-३ए साठी हा सांधा ताशी २० च्या आसपास येतो, त्याखाली बोगी महत्त्वाची, त्यावर इंजिन.

बोगीवाला

डब्ल्यूडीजी-४ चे ४२ टक्के कुठून येतात तेही सांगून टाकतो, नाहीतर लेखात पुन्हा "ताकदवान" येईल.

डीसी सिरीज मोटरचं चाक घसरलं की ती पळत सुटते. वेग वाढला तरी तिचा जोर हळूहळू उतरतो, त्यामुळे घसरण आपणहून थांबत नाही. डब्ल्यूडीजी-३ए मध्ये मोटरींच्या करंटमधला फरक पकडून व्हील स्लिप रिले जोर तोडतो, रुळावर वाळू टाकतो, मग पुन्हा जोर. डब्ल्यूडीजी-४ च्या तीन-फेज एसी मोटरचं उलट. तिचा वेग इन्व्हर्टरच्या (मोटरला एसी वीज बनवून देणाऱ्या यंत्राच्या) वारंवारितेला बांधलेला. चाक जरा पुढे पळालं की जोर झपकन पडतो आणि चाक स्वतःहून पकडीत येतं. त्यामुळे घसरण्याच्या अगदी काठावर सतत चालवता येतं. १९९९ मध्ये जनरल मोटर्सकडून आलेली पहिली डब्ल्यूडीजी-४ हुबळीला गेली, २००२ पासून वाराणसीला बनायला लागली. डिझेल मालगाडीतली खरी उडी हीच.

तिचा एक चिमटा आहे. एका बोगीच्या तिन्ही मोटरींना मिळून एकच इन्व्हर्टर. तो गेला की तीन मोटरी गेल्या, अर्धं इंजिन गेलं. आणि तीन मोटरी एकाच वारंवारितेवर चालत असल्याने त्या बोगीतल्या चाकांचा व्यास सारखा ठेवावाच लागतो. एक चाक लहान असेल तर त्याची मोटर भार कमी-जास्त घेते आणि तापते. चाक नवं असताना १०९२ मिमी, बाद होतं १०१६ ला. या ७६ मिमीच्या आत एका चाकाला रेघ पडली म्हणून तेवढंच कातून चालत नाही, बोगीतली बाकीचीही बघावी लागतात. बिहारमधल्या मढौऱ्याच्या कारखान्यातल्या डब्ल्यूडीजी-४जी मध्ये प्रत्येक ॲक्सलला वेगळा इन्व्हर्टर आहे, तिथे ही कटकट बरीच सैल.

वाळूबद्दल एक. मुंबईच्या हवेत पावसाळ्यात वाळू ओलसर होऊन नळीत गच्च बसते. व्हील स्लिपचा दिवा लागतो, सँडरचं बटण दाबलं जातं, हवेचा आवाजही येतो, खाली काहीच पडत नाही. आवाजावर विश्वास ठेवू नये, नळीखाली हात धरून बघावं. आणि वाळू पाखडलेली, कोरडी, शेडमध्ये भाजलेलीच भरावी.

दिवा_पनवेल

मुंबईच्या बाजूने एक कारण सगळे विसरतात. इथली रुळावरची विजेची तार १५०० व्होल्ट डीसी होती, बाकी देशात २५ हजार व्होल्ट एसी. पश्चिम रेल्वेची चर्चगेट-विरार २०१२ मध्ये बदलली, मध्य रेल्वेची मुख्य लाइन २०१५ मध्ये, हार्बर सगळ्यात शेवटी एप्रिल २०१६ ला. तोपर्यंत बाहेरून आलेलं साधं एसी इंजिन मुंबईत शिरू शकत नव्हतं. दोन्ही तारांवर चालणारी इंजिनं होती, पण मालासाठी खास बनवलेली डब्ल्यूसीएजी-१ फक्त बारा. डिझेलला वर कोणती तार आहे याच्याशी देणंघेणं नाही. तारेखालून डिझेलची जोडी जाताना दिसायची त्यामागे हे होतं, आळस नव्हे.

कल्याण आणि पुणे दोन्ही शेडकडे डब्ल्यूडीजी-३ए होती. कोकण रेल्वे जानेवारी १९९८ ला पूर्ण सुरू झाली ती तारेविना, ट्रक वाहून नेणारी कोलाड-वेर्णा रो-रो १९९९ ची. विद्युतीकरण पूर्ण होऊन लोकार्पण झालं जून २०२२ ला. म्हणजे जवळजवळ चोवीस वर्षं तो मार्ग डिझेलचाच. रत्नागिरीकडून येताना उतारावर यांचा डायनॅमिक ब्रेक कामाला यायचा. मोटरी जनरेटर होतात आणि वीज छतावरच्या ग्रिडमध्ये जाळली जाते, त्याचा पंखा लांबूनही ऐकू येतो. ब्रेकशूची झीज वाचते आणि चाकं तापत नाहीत.

ठाकुर्ली_यार्ड

सध्या काय चाललंय ते पण घ्या. विद्युतीकरणामुळे यांची मुख्य कामं संपत आली. उरली ती ट्रॅकची कामं, शंटिंग, तार पडली की मदतीला धावणं. काही बांगलादेशला गेलीत.

नावांचा_हिशेब

बांगलादेशला गेली ती डब्ल्यूडीएम-३डी. २०२० मध्ये दहा, २०२३ मध्ये वीस. डब्ल्यूडीजी-३ए नव्हेत. लेखात टाकू नका.

डब्ल्यूडीजी-३ए च्या नशिबी आलेला प्रयोग वेगळाच. २०१८ मध्ये वाराणसीला दोन डब्ल्यूडीजी-३ए ची आतली डिझेल इंजिनं काढून, ट्रान्सफॉर्मर आणि पँटोग्राफ बसवून १०,००० अश्वशक्तीचं जोड विद्युत इंजिन केलं, ६९ दिवसांत. नाव डब्ल्यूएजीसी-३, फेब्रुवारी २०१९ मध्ये हिरवा झेंडा. डिझेलचं आयुष्य ३६ वर्षांचं धरायचे आणि १८ व्या वर्षी पतियाळाला मोठी दुरुस्ती व्हायची. ती करायच्या ऐवजी रूपांतर, असा विचार होता. मालिका काही झाली नाही.

वाराणसीचा कारखाना ऑक्टोबर २०२० पासून बनारस लोकोमोटिव्ह वर्क्स आहे. १९९५ च्या संदर्भात डीएलडब्ल्यू लिहा, आजच्या संदर्भात बीएलडब्ल्यू.

मुलुंडकर

वाक्य असं करतोय, बघा: "१९९५ मध्ये डीएलडब्ल्यूने डब्ल्यूडीएम मालिकेचंच ३१०० अश्वशक्तीचं इंजिन नव्या बोगीवर, जास्त वजनाने आणि मालगाडीच्या गिअरने बसवून डब्ल्यूडीजी-२ बनवलं, जे पुढे डब्ल्यूडीजी-३ए झालं. सुरुवातीचा जोर ३०.४ वरून ३७.९ टनांवर गेला." तक्त्यात 'वजन' आणि 'सुरुवातीचा जोर' असे दोन रकाने वाढवलेत.

बोगीवाला

चालेल. तक्त्यात गिअरचाही रकाना घाला, आणि त्याशेजारी कमाल वेग. ६५:१८ समोर १२०, ७४:१८ समोर १००.

लोडबॉक्स

आणि धुराच्या ओळीत "सुटताना" हा शब्द घालाच.